दुसरा गट कोणता? : बातमीदारीकडून तुलनात्मक राजकारणाकडे

आजचा आपला विषय आहे वर्तमानपत्रातून उठून तुलनात्मक राजकारणाच्या अभ्यासाकडे गेलेली माणसं. वरवर पाहिलं तर हा नोकरी बदलण्याचा विषय वाटेल. एकाने बातम्या लिहिणं सोडलं आणि विद्यापीठात जाऊन ग्रंथ लिहिले, त्यात इतिहास तो काय? पण प्रश्न विचारण्याची रीत बदलते तेव्हा ज्ञानाचाही इतिहास घडत असतो, असं आम्हाला वाटतं. म्हणून आज थोडं या वाटेवरून चालू या.

सुरुवात आमच्यापासूनच करतो, कारण या विषयात आमचं स्वतःचं एक देणं बाकी आहे.

आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. पण त्याआधी साडेतीन वर्षं आम्ही एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. काम बहुतेक रात्रपाळीचं. वृत्तसंस्थेचा टेलिप्रिंटर खडखडत इंग्रजी मजकूर ओकायचा, तो फाडून घ्यायचा, मराठी करायचा, मथळा द्यायचा आणि खिळे जुळवणाऱ्यांकडे धाडायचा. डाक आवृत्तीची वेळ ठरलेली. ती चुकली की गावोगावचे अंक एसटीला मिळत नाहीत. त्यामुळे विचार करायला वेळ नाही, ही तक्रार तिथे कोणी करत नसे. विचार न करता बिनचूक काम करणं यालाच हुशारी म्हणत.

साल १९७८. जुलैच्या २७ तारखेला महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झालं ते आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं गावं सोडून पळाली. त्यातल्या एका रात्री आमच्या टेबलावर एका गावाची बातमी आली. मजकुरात जातींची नावं नव्हती. दंगलीच्या बातमीत समाजांची नावं द्यायची नाहीत, आग आणखी पसरते, असा तेव्हा संकेतच होता. त्यामागचा हेतू वाईट होता असं आम्ही आजही म्हणणार नाही. आम्ही मथळा दिला, ‘दोन गटांत हाणामारी, काही घरे भस्मसात’. आठ ओळींची बातमी. आतल्या पानावर गेली. आम्ही चहा प्यायला खाली उतरलो.

चार-पाच दिवसांनी एक गृहस्थ कचेरीत आले. बँकेत कारकून होते, मूळचे त्याच तालुक्यातले. हातात कात्रण. आवाज चढवला नाही. म्हणाले, “साहेब, तुम्ही दोन गट लिहिलंय. एक गट मला ठाऊक आहे, माझी बहीण त्या वस्तीत राहते. दुसरा गट कोणता तेवढं सांगा. आणि दोन गटांची हाणामारी होती, तर घरं एकाच गटाची कशी जळाली?” आम्ही काहीतरी उत्तर दिलं. नियमाचं सांगितलं असेल. ते ऐकून घेऊन निघाले, आणि दारात थांबून म्हणाले, “आमच्या शेजारच्या गावात काही झालं नाही बघा. तिथंही आमची वस्ती आहे. तिथं का नाही झालं, हे कुणीच लिहीत नाही.”

पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली. हे दोन प्रश्न आम्हाला सुटलेले नाहीत. पहिला, तो दुसरा गट कोणता. दुसरा, तिथे का नाही झालं. पहिला प्रश्न नावाचा आहे, दुसरा तुलनेचा. आणि गंमत बघा, तुलनात्मक राजकारण नावाची जी ज्ञानशाखा आहे ती बऱ्याच अंशी याच दोन प्रश्नांवर उभी आहे. त्या गृहस्थांनी उभ्या उभ्या आम्हाला एका विद्याशाखेची ओळख करून दिली होती. आम्हाला कळायला वेळ लागला, एवढंच.

आता ही शाखा करते काय? जुनी परंपरा सांगायची तर अ‍ॅरिस्टॉटलपासून सांगावी लागेल. त्याच्या शिष्यमंडळींनी ग्रीक नगरराज्यांच्या १५८ राज्यघटना गोळा केल्या असं परंपरा सांगते. बाकीच्या हरवल्या. अथेन्सची तेवढी इजिप्तमध्ये पपायरसवर सापडली आणि १८९१ मध्ये छापली गेली. उद्देश हा की एक राज्य पाहून राज्य कळत नाही, पुष्कळ पाहावी लागतात.

पुष्कळ पाहायची म्हणजे कशी, तेही आपल्याकडे नीट सांगितलेलं आहे. न्यायशास्त्राचा पहिला धडा आठवा. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. कशावरून? जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. हा झाला अन्वय. पण नैयायिक एवढ्यावर थांबत नाही. तो म्हणतो, जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसं तळं. हा व्यतिरेक. दोन्ही दाखवलेत तर तुमचं म्हणणं पक्कं. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात पाश्चात्त्य परिभाषेत याच जातीच्या रीती मांडल्या, आणि समाजाच्या बाबतीत त्या जशाच्या तशा चालतील का, अशी शंकाही त्यानेच घेतली. आम्ही वर्गात हे वर्षानुवर्षं शिकवलं.

आता वर्तमानपत्राकडे बघा. वर्तमानपत्राला डोंगर दिसतो. धूर दिसला की बातमीदार धावतो, आणि धावायलाच हवं. पण तळ्याची बातमी होत नाही. ‘अमुक गावात काल काहीही घडले नाही’ असा मथळा आपण कधी वाचलाय? त्या कारकून गृहस्थांचं शेजारचं गाव म्हणजे ते तळं होतं. बातमीदारीतून अभ्यासाकडे जाणं म्हणजे आमच्या मते डोंगरावरून उतरून तळ्याकाठी जाऊन बसणं. वाट लांबची आहे. ती चाललेल्या काही माणसांची आता ओळख करून घेऊ.

पहिला वॉल्टर बॅजट. तो विद्यापीठात कधी शिकवायला गेला नाही, पण ही वाट त्याच्यापासून सुरू होते. १८५१ च्या डिसेंबरमध्ये लुई नेपोलियनने पॅरिसमध्ये सत्ता बळकावली तेव्हा पंचवीस वर्षांचा बॅजट तिथे होता. त्याने लंडनच्या एका साप्ताहिकाला पत्रं पाठवली आणि वाचकांना धक्का बसेल अशा बेधडकपणे त्या बंडाची बाजू घेतली. डोळ्यांसमोर घडतंय, हातात लेखणी आहे, वय पंचवीस आहे, मग असं होतं. पुढे १८६१ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८७७ पर्यंत, तो ‘द इकॉनॉमिस्ट’चा संपादक होता. आणि १८६५ पासून एका नियतकालिकात क्रमशः लेख लिहीत त्याने जे पुस्तक १८६७ मध्ये पुरं केलं, ते ‘द इंग्लिश कॉन्स्टिट्यूशन’.

त्या पुस्तकातली संपादकाची नजर अशी की कायद्याच्या ग्रंथात काय लिहिलंय हे बाजूला ठेवून त्याने प्रत्यक्षात कारभार कोण चालवतं ते पाहिलं. राजघराणं हा दिमाखाचा भाग, मंत्रिमंडळ हा कामाचा भाग. आणि अभ्यासकाची नजर अशी की इंग्लंडचं वर्णन करताना अमेरिका त्याने सतत शेजारी ठेवली. तिकडे अध्यक्ष एकदा निवडला की मुदत संपेपर्यंत हलत नाही, इकडे मंत्रिमंडळ सभागृहाच्या विश्वासावर रोज उभं. पॅरिसच्या पत्रांत एकच देश होता, म्हणून ठामपणा होता. पुस्तकात दोन देश आले, आणि ठामपणाच्या जागी समज आली.

या तुलनेचा आपल्याशीही थेट संबंध आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेत मांडताना बाबासाहेबांनी नेमकी ही दोन प्रारूपं समोरासमोर ठेवली. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त. आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात मिळत नसतील तर आपण जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. लक्षात घ्या, हे बोलणारा माणूस कोलंबियाचा विद्वान तर होताच, पण ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू करणाराही होता. बाबासाहेब विद्वत्तेकडून वर्तमानपत्राकडे आले, म्हणजे वाट उलटी चालले. पण दोन्ही घरं माहीत असलेल्या माणसाची तुलना कशी नेमकी असते, ते त्या भाषणात दिसतं.

आता आजच्या व्याख्यानातल्या मुख्य माणसाकडे येऊ. हॅरॉल्ड आयझॅक्स. नाव फारसं ऐकलेलं नसेल. जन्म १९१०, न्यूयॉर्क. विशीत हा मुलगा शांघायला जाऊन पोचला. तिथल्या इंग्रजी वृत्तपत्रांत काम केलं, मग १९३२ मध्ये ‘चायना फोरम’ नावाचं स्वतःचं पत्र काढलं. चिआंग काय-शेकच्या राजवटीतले छळ, अटका, देहदंड यांच्या बातम्या तो छापत असे. तेव्हा तो कम्युनिस्टांच्या जवळचा होता. पुढे त्याचं त्यांच्याशी बिनसलं. मॉस्कोला सोयीचा असेल तेवढाच इतिहास सांगायचा हे त्याला जमेना. पत्र बंद झालं आणि तो पेकिंगला जाऊन १९२५ ते १९२७ च्या फसलेल्या क्रांतीची कागदपत्रं वाचत बसला. त्यातून १९३८ मध्ये ‘द ट्रॅजेडी ऑफ द चायनीज रेव्होल्यूशन’ हा ग्रंथ आला. त्याला प्रस्तावना होती खुद्द ट्रॉट्स्कीची. १९५१ च्या सुधारित आवृत्तीत ती प्रस्तावना नाही. माणूस किती बदलला ते एवढ्यावरून कळावं.

दुसऱ्या महायुद्धात तो ‘न्यूजवीक’चा वार्ताहर होता, चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान या आघाडीवर. युद्ध संपता संपता तो आशियाभर फिरला, हनोईत हो चि मिन्हला भेटला, आणि १९४७ मध्ये ‘नो पीस फॉर एशिया’ लिहिलं. म्हणजे बातमीदार म्हणून जे काही मिळवायचं ते सगळं मिळवून झालं होतं. आणि मग १९५३ मध्ये हा त्रेचाळिशीतला माणूस एमआयटीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास केंद्रात रुजू झाला. पुढे तिथेच राज्यशास्त्राचा प्राध्यापक झाला.

तिथे जाऊन त्याने पहिलं मोठं काम काय केलं ते बघा. तो आशियाला परत गेला नाही, आपल्याच देशातल्या माणसांच्या डोक्यात डोकावला. अमेरिकेत ज्यांच्या मताला वजन आहे अशा १८१ जणांच्या त्याने प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. प्राध्यापक, पत्रकार, सरकारी अधिकारी, मिशनरी, व्यापारी. प्रश्न साधे. आशिया म्हटलं की तुमच्या मनात काय येतं? चिनी माणूस म्हटलं की? हिंदी माणूस म्हटलं की? १९५८ मध्ये ‘स्क्रॅचेस ऑन अवर माइंड्स’ नावाने ते प्रसिद्ध झालं.

यात नवीन काय? मुलाखती तर तो वीस वर्षं घेतच होता. फरक असा. बातमीदार प्रत्येक माणसाला वेगळा प्रश्न विचारतो, कारण त्या माणसाकडची वेगळी गोष्ट त्याला हवी असते. अभ्यासक सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो, कारण त्याला माणसामाणसांतला फरक हवा असतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्याने रात्रपाळी केली आहे त्याला विचारा, शंभराव्या माणसाला पुन्हा तोच प्रश्न विचारणं किती जड जातं! ‘यात बातमी नाही’ असं आतून कोणीतरी ओरडत असतं.

आणि निघालं काय? कोरियात अमेरिकेचे सैनिक चिनी फौजांशी लढून जेमतेम वर्ष-दोन वर्षं झालेली असताना, या मंडळींच्या मनातला चिनी माणूस बराचसा आपुलकीचा होता. आणि ज्या भारताशी कधी युद्ध झालं नाही, त्या भारतातला माणूस पुष्कळांना परका, नकोसा वाटत होता. कारणं शोधताना आयझॅक्स मागे मागे गेला. चीनबद्दल मिशनऱ्यांच्या रविवारच्या शाळा होत्या, पर्ल बकची १९३१ ची ‘द गुड अर्थ’ होती. भारताबद्दल किपलिंग होता आणि कॅथरीन मेयोचं १९२७ चं ‘मदर इंडिया’ होतं. चिनी माणसाविषयीची अमेरिकेची मतं आदर, तिरस्कार, उपकाराची भावना, कौतुक, भ्रमनिरास, वैर अशी युगायुगांनी कशी पालटली, त्याचा त्याने पटच मांडला. चीन बदलला म्हणूनच मतं बदलली असं नव्हे, पाहणाऱ्याची गरजही बदलत होती. बातम्या पाठवणाऱ्या माणसाने मागे वळून विचारलं, की ‘मी पाठवलेली बातमी जिथे जाऊन पडते, त्या डोक्यात आधीपासून काय भरलेलं असतं?’ बातमीदाराने स्वतःला विचारावा असा याहून अवघड प्रश्न आम्हाला माहीत नाही.

नंतर १९६३ मध्ये त्याचं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवर पुस्तक आलं. आफ्रिकेतले देश स्वतंत्र होत असताना इथल्या कृष्णवर्णी माणसाच्या मनात स्वतःबद्दल काय बदलतं, असा त्याचा रोख. आणि तोच रोख घेऊन तो भारतात आला. १९६५ मध्ये ‘इंडियाज एक्स-अनटचेबल्स’ प्रसिद्ध झालं. नाव नीट ऐका, ‘पूर्वाश्रमीचे अस्पृश्य’. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली. मग ज्यांना कालपर्यंत त्या नावाने ओळखलं गेलं, त्यांनी आता स्वतःला काय म्हणायचं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झालेलं होतं, त्यामुळे इकडे हा प्रश्न अगदी ताजा होता. हरिजन हे नाव अनेकांना नको होतं. बौद्ध म्हणावं तर सवलतींचा प्रश्न येत होता. शहरात नोकरी करणाऱ्याने आडनाव बदलून जात झाकावी, आणि मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर तीच जात लिहावी. जुनं घर सुटलं, नव्यात अजून पाय टाकू देत नाहीत, अशी अधांतरी अवस्था. आयझॅक्सला हे ओळखीचं वाटलं, कारण तो आधी दुसऱ्या एका देशात तोच प्रश्न विचारून आला होता. तुलनेचा फायदा हा. तुमच्या दुःखाला दुसरीकडे भावंडं आहेत हे तुलना दाखवते, आणि तरी तुमचं दुःख वेगळं कुठे आहे तेही दाखवते.

१९७५ मध्ये त्याने या सगळ्याचं सार ‘आयडल्स ऑफ द ट्राइब’ या पुस्तकात काढलं. माणसाची सामूहिक ओळख कशाकशाची बनते? शरीर, नाव, भाषा, इतिहास, धर्म, राष्ट्रीयत्व. एकेकावर प्रकरण आहे. आम्ही हे पुस्तक नोकरी सोडून विद्यापीठात दाखल झाल्यावर ग्रंथालयात वाचलं. ‘नाव’ या प्रकरणाशी आलो आणि पुढे वाचवेना. इथे एक अमेरिकी माणूस सांगतोय की नाव ही वरची पाटी नसते, नावासाठी माणसं जीव देतात आणि घेतात. आणि आम्ही, एका नावावरून उसळलेल्या आगडोंबाची बातमी लिहिताना, नावच गाळून ‘दोन गट’ लिहिलं होतं. विद्यापीठाच्या नामविस्तारासाठी पुढे १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. सोळा वर्षं. नाव किरकोळ असतं तर सोळा वर्षं लागली नसती.

हा झाला त्या गृहस्थांचा पहिला प्रश्न. आता दुसरा, तिथे का नाही झालं?

इथे सेलिग हॅरिसनची गोष्ट सांगायला हवी, आणि ती जरा सावधपणे, कारण माणूस मोठा होता आणि चूकही मोठी होती. हॅरिसन १९५१ ते १९५४ या काळात असोसिएटेड प्रेसचा दिल्लीतला वार्ताहर होता. बाकीचे परदेशी वार्ताहर नेहरूंकडे बघत असताना याने राज्यांकडे, भाषांकडे, जातींकडे पाहिलं. आंध्रातले कम्युनिस्ट आणि काँग्रेस यांच्यामागे कम्मा आणि रेड्डी या जमीनदार जातींची स्पर्धा कशी उभी आहे, यावरचा त्याचा लेख १९५६ मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. एका वार्ताहराला हा मान सहज मिळत नाही. भारतातल्या राजकारणात जात कशी काम करते याचा अभ्यास ज्यांनी पुढे नेला, त्यांना हा लेख टाळता आलेला नाही.

मग १९६० मध्ये त्याचं पुस्तक आलं, ‘इंडिया : द मोस्ट डेंजरस डिकेड्स’. भाषा आणि जाती भारताचे तुकडे करतील किंवा एखादी हुकूमशाही येईल, अशी त्यात मोठी भीती होती. आता तारखेचा योग बघा. त्याच वर्षी १ मे रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. जी भाषिक चळवळ देश फोडणार अशी भीती होती, तिला राज्य मिळालं, आणि राज्य मिळाल्यावर ती चळवळ देश फोडायला निघाली नाही. घरी जाऊन कारभाराला लागली.

हॅरिसन कुठे चुकला? त्याने धूर खरा पाहिला होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळीबार झाले, माणसं गेली. आंध्रासाठी १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलूंनी उपोषणात प्राण सोडले. हे सारं डोळ्यांसमोर असताना भविष्य भीषण दिसणं स्वाभाविक आहे. पण त्याने शेजारच्या गावाशी ताडून पाहायला हवं होतं. १९५६ या एकाच वर्षात दोन देशांनी दोन निर्णय घेतले. श्रीलंकेने फक्त सिंहली ही राजभाषा केली. भारताने राज्यपुनर्रचनेचा कायदा करून भाषांना राज्यं दिली. पाकिस्तानात तर १९५२ मध्येच ढाक्याला बंगालीसाठी विद्यार्थ्यांनी रक्त सांडलं होतं. पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. १९७१ मध्ये बांगलादेश वेगळा झाला, १९८३ पासून श्रीलंकेत यादवी पेटली. म्हणजे भाषा अनेक असणं एवढंच देश फोडायला पुरेसं नव्हतं. भाषेला दार उघडलं की बंद केलं, यावर पुष्कळ काही अवलंबून होतं. आल्फ्रेड स्टेपान, हुआन लिन्झ आणि योगेंद्र यादव यांनी २०११ मध्ये भारताला इतर देशांशेजारी ठेवून हाच धागा एका ग्रंथात सविस्तर मांडला.

अर्थात हॅरिसनला १९६० मध्ये १९७१ दिसायला हवं होतं, असं आम्ही म्हणत नाही. ते कोणालाच दिसलं नसतं. तसं म्हणणं म्हणजे निकाल लागल्यावर पेपर तपासण्यासारखं आहे. मुद्दा एवढाच की बातमीदाराची सवय अभ्यासात गेल्यावरही सुटत नाही. जे पेटतंय तेच उद्याचं चित्र, असं वाटत राहतं. हॅरिसन पुढे पुष्कळ वर्षं संशोधन संस्थांत राहिला, कोरिया आणि अफगाणिस्तानवर मोलाचं लिहिलं. म्हणून ही चूक एका माणसाची म्हणून बघू नका, एका सवयीची म्हणून बघा.

आता शेवटचा टप्पा. आशुतोष वार्ष्णेय हे काही पत्रकारितेतून आलेले नव्हेत, पण आजच्या कथेत ते आवश्यक आहेत. त्यांनी आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी भारतातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची १९५० ते १९९५ या काळाची नोंद तयार केली. कशावरून? ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे जुने अंक रोजच्या रोज वाचून! म्हणजे रात्रपाळीच्या कोणा उपसंपादकाने कधीतरी आठ ओळींत लिहिलेली बातमी चाळीस वर्षांनी संशोधकाच्या तक्त्यात एक ओळ होऊन बसली. त्यातून दिसलं की दंगलींतल्या मृत्यूंपैकी सुमारे ४६ टक्के मृत्यू फक्त आठ शहरांत झालेत. अहमदाबाद, मुंबई, अलीगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कलकत्ता, दिल्ली. खेड्यांचा वाटा चार टक्क्यांच्याही आत. ‘सगळा देश पेटलाय’ असं रोज वाचणाऱ्याला हे आकडे थबकायला लावतात.

आणि मग वार्ष्णेय तळ्याकाठी गेले. पेटणारं एक शहर आणि त्याच्यासारखंच पण शांत राहणारं एक शहर अशा जोड्या त्यांनी लावल्या. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. २००२ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष थोडक्यात असा, की जिथे दोन्ही समाजांची माणसं एकाच व्यापारी संघात, एकाच कामगार संघटनेत, एकाच पक्षात, एकाच वाचनालयात रोज एकमेकांना भेटतात, तिथे अफवा येते पण टिकत नाही. नुसता शेजार पुरत नाही, एकत्र संस्था लागते. आपल्याकडचं भिवंडी आठवा. १९७० आणि १९८४ ला होरपळलेलं गाव, आणि मुंबई जळत होती त्या १९९२-९३ मध्ये शांत राहिलेलं. मधल्या काळात तिथे पोलिसांनी पुढाकार घेऊन दोन्ही समाजांच्या मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. भिवंडी शांत राहिली याचे मथळे किती आले असतील?

परंतु एक गोष्ट या यशात काट्यासारखी टोचते. संशोधकाचा तक्ता बातमीवर उभा आहे. आणि बातमीत जर ‘दोन गट’ असेल, तर तक्त्यात काय चढणार? आम्ही त्या रात्री जे गाळलं ते फक्त वाचकापासून गाळलं नाही, चाळीस वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकापासूनही गाळलं. शब्द छापला की तो पुरावा होतो. हे भान कचेरीत आम्हाला कोणी दिलं नव्हतं, आणि आम्हीही शोधलं नाही.

आज आमच्याकडे अधूनमधून तरुण पत्रकार येतात. म्हणतात, सर, वर्तमानपत्रात जीव रमत नाही, पीएच.डी. करतो, तुलनात्मक राजकारणात काही जमेल का? त्यांना आम्ही तीन गोष्टी सांगतो. पहिली, तुमच्याकडे जे आहे ते टाकून देऊ नका. माणसाला बोलतं करणं, कागद कोणत्या कचेरीत मिळतो ते ठाऊक असणं, न समजलेलं सोप्या भाषेत लिहिण्याची लाज वाटणं, हे विद्यापीठात शिकवत नाहीत. आयझॅक्सच्या मुलाखती इतक्या जिवंत वाटतात त्या त्याच्या वीस वर्षांच्या वार्ताहरकीमुळे. दुसरी, एक गोष्ट मात्र सोडावी लागेल, ती म्हणजे आज रात्रीच निकाल लावण्याची घाई. आणि तिसरी, अभ्यासकांत गेल्यावर पत्रकारांना हसू नका. विद्यापीठातही डाक आवृत्ती असते. तिला फक्त वेगळं नाव आहे. शोधनिबंधांची संख्या मोजतात, पदोन्नतीची तारीख ठरलेली असते, आणि तिथेही ‘दोन गट’ लिहून सुटका करून घेणारे आम्ही पाहिलेत. परिभाषा जड असते, इतकंच.

मंडळी, वेळ संपत आली. ते गृहस्थ आम्हाला पुन्हा भेटले नाहीत. भेटले असते तर आम्ही सांगितलं असतं की तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला त्या रात्रीही ठाऊक होतं. दुसरा गट म्हणजे गावातले वरचे. ते लिहायची आमची तयारी नव्हती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरोखरच ठाऊक नव्हतं. त्यासाठी त्या शेजारच्या गावात जाऊन राहावं लागलं असतं. तिथल्या पाटलाने काय केलं, शाळेत मुलं एकत्र बसत होती का, सोसायटीत दोन्हीकडची माणसं होती का, पाणवठा एक होता का, हे सगळं विचारावं लागलं असतं. आम्ही गेलो नाही. ग्रंथालयात गेलो, ते सोपं होतं.

ते गाव अजून तिथेच आहे. त्या वेळी जाणती असलेली काही माणसं आज सत्तर-ऐंशीच्या घरात असतील, आमच्याच वयाची. आज ऐकणाऱ्यांपैकी कोणी मराठवाड्यातलं असेल, आणि १९७८ ला आपल्या गावात काहीच घडलं नाही असं घरच्या मोठ्यांकडून ऐकलं असेल, तर जाऊन त्यांना विचारा, का नाही घडलं? सगळ्यांना तोच प्रश्न विचारा. वरच्या आळीतही आणि वस्तीतही. आणि लिहून ठेवाल तेव्हा नावानिशी लिहा.